नागपूर परिसरातले क्वीअर ट्रेक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्वीअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे माणसांच्या या ट्रेकची तारीख जाहीर झाली की दर वेळी साधारण तेच प्रश्न येतात. काही जण रात्री एक वाजता प्रश्न पाठवतात आणि सकाळी आम्ही बघायच्या आत मेसेज पुसून टाकतात. त्यांना काय विचारायचं असतं, हे आता इतक्या ट्रेकनंतर आम्हाला बऱ्यापैकी कळतं, म्हणून त्याही प्रश्नांची उत्तरं इथे लिहिली आहेत.

ही सहल आहे, ट्रेक आहे की मोर्चा?

ट्रेक आहे. सकाळी निघायचं, टेकडी चढायची, सावली बघून डबे उघडायचे आणि दिवस मावळायच्या आत नागपुरात परतायचं. मुक्काम नसतो. झेंडे, फलक, घोषणाही नसतात. नागपुरात प्राइड मार्च निघतो आणि आमच्यातले पुष्कळ जण त्यात असतात, पण तो दिवस वेगळा. इथे येणाऱ्यांपैकी निम्म्यांना मार्चच्या जवळपाससुद्धा जाता येत नाही, आणि हा ट्रेक मुळात त्यांच्यासाठीच सुरू झाला.

कोण येऊ शकतं? मी नेमकं कोण, हे मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

लेस्बियन, गे, बायसेक्शुअल, ट्रान्स, हिजडा, कोती, इंटरसेक्स, असेक्शुअल, आणि ज्यांना अजून यातला कुठलाच शब्द आपला वाटत नाही, ते सगळे. नोंदणीच्या वेळी आम्ही ओळख विचारत नाही. गाडीत ओळखपरेड होत नाही. कुणी 'तू काय आहेस?' असं विचारलंच, तर 'मी ट्रेकला आलोय' एवढं उत्तर पुरेसं आहे आणि त्यापुढे विचारायचं नाही, असा आमचा नियम आहे.

घरी, ऑफिसात कुणालाच माहीत नाही. आलो तर बातमी फुटेल का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तर लांब आहे.

नाव तुम्हाला हवं ते सांगा, खरंच नाव हवं असं नाही. आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप नाही. सूचना ब्रॉडकास्ट यादीतून जातात, त्यामुळे कुणालाही दुसऱ्याचा नंबर दिसत नाही. (त्यासाठी आमचा नंबर तुमच्या फोनमध्ये सेव्ह असावा लागतो. ज्या नावाने सेव्ह कराल ते नाव घरात कुणी वाचलं तरी चालेल असं ठेवा.) गाडी साध्या ट्रेकिंग गटाच्या नावाने ठरवतो. भेटायचं ठिकाण बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डी बाजाराच्या, गर्दीत ठेवत नाही. रामटेककडे जाताना ऑटोमोटिव्ह चौक मेट्रो स्टेशनखाली भेटतो, कारण तिथे सकाळी पाठीवर बॅग घेतलेल्या माणसाकडे कुणी दोनदा बघत नाही. आणि आपल्या नागपूरची एक सोय आहेच. तोंडाला दुपट्टा बांधून निघालेल्या माणसाला इथे कुणीच काही विचारत नाही.

नोंदणीत एकच गोष्ट सक्तीची आहे, ती म्हणजे अडचणीत फोन करायला एका माणसाचा नंबर. त्यासोबत दोन गोष्टी लिहून घेतो: त्या माणसाशी बोलताना तुमचं कुठलं नाव घ्यायचं, आणि तुम्ही कुठे गेला आहात असं सांगायचं. पाय मुरगळला म्हणून आईला फोन केला आणि त्या फोनमुळेच घरात सगळं उघड झालं, असं होऊ नये. ट्रेक संपला की हा कागद फाडून टाकतो.

फोटोंचं काय?

डोंगर, तलाव, फुलं, वानरं यांचे हवे तेवढे काढा. माणसांचा फोटो एकदाच, वर पोचल्यावर, ज्यांना यायचं असेल त्यांनीच यायचं. फोटोतल्या प्रत्येकाने 'हो' म्हटल्याशिवाय तो कुठेही टाकायचा नाही, स्टेटसलाही नाही. चालू ट्रेकमध्ये ठिकाण टाकायचं नाही.

हा नियम सुरुवातीला नव्हता. एकदा कुणीतरी डबा खातानाचा फोटो प्रेमाने टाकला आणि मागे बसलेल्या एका मुलाचा अर्धा चेहरा त्यात आला. तेवढ्या अर्ध्या चेहऱ्यावरून त्याच्या चुलतभावाने त्याला ओळखलं. पुढचे काही आठवडे त्या मुलाचे कसे गेले हे मी जवळून पाहिलं आहे. चूक आमची होती. तेव्हापासून या एका बाबतीत आम्ही कुणाचंही ऐकून घेत नाही. नियम मोडणाऱ्याला पुन्हा बोलावत नाही.

घरी काय सांगून निघू?

'मित्रमैत्रिणींसोबत रामटेकला चाललोय' हे पूर्ण खरं वाक्य आहे आणि बहुतेक घरांत तेवढं पुरतं. काहीही सांगितलं तरी तुम्ही कुठे आहात आणि किती वाजता परताल, हे गटाबाहेरच्या एका तरी माणसाला ठाऊक असू द्या. घरून 'जरा दुसऱ्या कुणाला तरी फोन दे' असं म्हटलं गेलं तर संयोजक बोलतात आणि ट्रेकबद्दलच बोलतात.

गटात ओळखीचं कुणी निघालं तर? म्हणजे बॉस, नात्यातलं कुणी, आधीचा जोडीदार?

असं होतं. नागपूर मोठं झालं तरी इथे दोन माणसांमागे एक ओळख निघतेच. नुसतं ओळखीचं कुणी असेल तर समोरच्यालाही तीच भीती आहे, हे लक्षात ठेवा. पहिली दहा मिनिटं जड जातात आणि मग बहुधा चढ सुरू होतो. कोण येणार आहे ही यादी आम्ही आधी कुणालाच सांगत नाही, तुम्हालाही नाही.

मारहाण, पाठलाग, धमकी किंवा जबरदस्ती करणारं कुणी असेल तर गोष्ट वेगळी. त्या माणसाचं नाव आम्हाला कळवा. पुरावा मागणार नाही. 'तो येतोय, तुम्ही येऊ नका' असं आम्ही तुम्हाला कधीच म्हणणार नाही. त्याला जागा मिळणार नाही, आणि कारण सांगितलं जाणार नाही. यात कधीतरी कुणावर अन्याय होऊ शकतो हे आम्ही जाणतो. तरी भिऊन घरी बसणाऱ्याच्या बाजूनेच आम्ही कौल देतो.

नागपूरजवळ ट्रेक करण्याजोगे डोंगर आहेत तरी कुठे?

सह्याद्रीसारखे कडे नाहीत, हे खरं. पण शहरालाच दोन प्रकारच्या जमिनींचा सांधा लाभला आहे. पश्चिमेला दख्खनचा काळा बेसाल्ट संपत येतो, सीताबर्डीची टेकडी आणि सेमिनरी हिल्स त्याच्याच. पूर्वेला आणि उत्तरेला कितीतरी जुने खडक सुरू होतात. त्यामुळे तासाभराच्या अंतरात चालण्याचे प्रकार बदलतात.

पहिल्यांदा येणाऱ्यांना आम्ही सेमिनरी हिल्स किंवा अंबाझरीचं जैवविविधता उद्यान सुचवतो. चढ नाममात्र, पक्षी भरपूर, आणि नको वाटलं तर कुठल्याही क्षणी ऑटो करून घरी जाता येतं. मन धास्तावलेलं असताना ही शेवटची सोय फार मोठी असते.

आमचा आवडता ट्रेक मात्र रामटेकचाच, शहरापासून सुमारे ५० किलोमीटर. वरपर्यंत गाडीरस्ता आहे, पण आम्ही अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी चढतो. वर गडमंदिर आहे, आणि वाटेवर केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही वाकाटकांच्या काळातली, म्हणजे पाचव्या शतकातली मंदिरं. गर्दी थेट गडमंदिराकडे धावते आणि या दोन मंदिरांपाशी बऱ्याचदा आपणच असतो. कार्तिक पौर्णिमेच्या जत्रेच्या आठवड्यात जात नाही. वेळ उरला तर मनसरला उतरतो. तिथल्या हिडिंबा टेकडीवर उत्खननात निघालेलं वाकाटककालीन विटांचं बांधकाम आहे. त्याच मनसरला मँगनीजची खाण आहे, त्यामुळे रस्त्याकडेचे दगड काळपट दिसतात.

अर्ध्या दिवसासाठी अदासा बरं पडतं. गणपतीच्या देवळाची टेकडी चढायची, परतताना धापेवाडा. पारशिवनीजवळचं घोगरा, म्हणजे पेंच नदीने कोरलेले खडक, फक्त हिवाळ्यात. पावसाळ्यात तिथल्या पाण्याला ओढ असते. कुठल्याही धरणात किंवा डोहात पोहायला उतरणं आमच्या ट्रेकवर पूर्ण बंद आहे.

देवळांच्याच टेकड्या का? मी हिंदू नाही किंवा देव मानत नाही.

कारण आपल्याकडे चांगल्या टेकड्यांवर देऊळ असतंच. दर्शन ऐच्छिक आहे. काही जण बाहेर चपला सांभाळत गप्पा मारतात, आणि खरं सांगायचं तर चांगल्या गप्पा तिथेच होतात.

वर्षभर ट्रेक असतात का?

नाही. जुलै ते फेब्रुवारी. मार्चपासून पाऊस नीट सुरू होईपर्यंत बंद. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि उन्हाळ्यात टेकडीवर नेणं म्हणजे माणसं आजारी पाडणं. 'पहाटे चारला निघू' असा आग्रह दर एप्रिलमध्ये होतो, तरीही उत्तर नाहीच. नोव्हेंबर ते जानेवारी सर्वांत छान. तेव्हा सकाळी थंडी चांगलीच बोचते, स्वेटर आणा.

पावसाळ्यात विजेचा धोका खरा आहे. आम्ही विजेचा इशारा देणारं 'दामिनी' अॅप बघत राहतो. गडगडाट ऐकू आला की माथा सोडून खाली यायचं, झाडाखाली थांबायचं नाही. त्या सकाळी इशारा असेल तर ट्रेक रद्द करतो आणि पैसे परत देतो.

मला चालायची सवय नाही. वजन जास्त आहे. वय ५८ आहे.

या. शेवटच्या माणसाच्या मागे नेहमी एक संयोजक असतो आणि गटाचा वेग शेवटच्या माणसाचाच असतो. हृदयविकार, दमा, फिट येणं यांपैकी काही असेल तर ते मात्र आधी खासगीत सांगा. आमच्यात साठीकडे झुकलेले काही गे पुरुष येतात, ज्यांनी आयुष्याची ३० वर्षं हे कुणाशीही बोललेलं नाही. त्यांच्यासोबत हळू चालण्यासाठी तरुण पोट्टे आपसात पाळ्या लावतात.

काय आणायचं?

तीन लिटर पाणी, मळलेले चालतील असे पण पकडीचे बूट, फुल पँट, टोपी किंवा दुपट्टा, रोजची औषधं, एक जादा टीशर्ट. डबा आपापला, पण खाताना सगळं मध्ये येतं: फल्लीचे लाडू, बेसन-भाकर, संत्री. तर्री-पोहे निघताना वाटेत खातो. वानरांना खाऊ देऊ नका आणि पिशवी हातात लोंबती ठेवू नका. रामटेकची वानरं विचारत नाहीत.

साप, वाघ, किडे?

वाघाच्या जंगलात आम्ही पायी जात नाही. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला इथे परवानगीशिवाय पायी शिरणं बेकायदा आहे आणि त्यात शहाणपणही नाही. साप चावला तर चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिक नाही. माणसाला चालू न देता १०८ वर फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं. सर्पदंशावरचं प्रतिविष (अँटिव्हेनम) सरकारी रुग्णालयांत असतं.

लोकांना ठाऊक नसलेला धोका मात्र गवतातला आहे. २०१८ च्या पावसाळ्यात नागपुरात आणि विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती. गवता-झुडपांतल्या बारीक चिगर किड्यांमुळे तो होतो. म्हणून गवतावर थेट बसायचं नाही, चटई टाकायची, घरी गेल्यावर आंघोळ करून कपडे धुवायला टाकायचे. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला किंवा अंगावर काळी खपली दिसली तर 'मी गवतात फिरलो होतो' हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. लवकर कळलं तर उपचार साधा आहे.

मी ट्रान्स आहे. बाइंडर घालून चढू शकतो का? हार्मोन्स चालू आहेत, शौचालयाचं काय?

चढावर बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा) नको. छाती आवळलेली असताना खोल श्वास घेता येत नाही आणि उष्णतेत चक्कर येते. घट्ट स्पोर्ट्स ब्रा आणि वर ढगळ गडद शर्ट, असं आमच्यातले ट्रान्स पुरुष करतात. वर पोचल्यावर बदलायचं असेल तर चादर धरून आडोसा करतो.

स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोन दाबणारी गोळी) घेत असाल तर लघवी जास्त होते, अंगातलं पाणी लवकर कमी होतं आणि पोटॅशियम साठतं. त्यामुळे पाणी जास्त आणा, पण ओआरएस आणि नारळपाण्याचा मारा करण्याआधी स्वतःच्या डॉक्टरांना विचारा. त्यातही पोटॅशियम असतं. हे ट्रेकच्या सामान्य सूचनांत कुठेच लिहिलेलं नसतं.

शौचालयासाठी निघतानाच्या नाश्त्याच्या हॉटेलात एकेकट्याने वापरायचं शौचालय आहे का, हे आधी बघून ठेवतो. कुणाला एकटं जायचं नसेल तर सोबत जातो.

मला हाक कशी मारणार? मराठीत तर क्रियापदच सगळं सांगून टाकतं.

खरंय. इंग्रजीत सर्वनाम सांगितलं की भागतं, मराठीत 'आलो', 'आले' म्हणताच उघड होतं. म्हणून नाव सांगताना 'मी आलो' की 'मी आले' एवढंच सांगा, बाकीचे तसं बोलतात. ठरवायचं नसेल तर मराठीतच वाटा आहेत. 'तुम्ही थकलात का?', 'तुम्ही कुठून येता?' यात लिंग येतच नाही. 'मी डबा आणला', 'मी पाणी भरलं' यात क्रियापद डब्याच्या आणि पाण्याच्या मागे जातं, बोलणाऱ्याच्या नाही. आमच्यातलं एक जण दिवसभर असंच बोलतं आणि ऐकणाऱ्याला अडखळायलाही होत नाही. चुकलं तर 'सॉरी, आलात' म्हणून पुढे जायचं, दहा मिनिटं माफी मागत बसायचं नाही.

आधार कार्डावर जुनं नाव, जुना फोटो आहे. तिकीट खिडकीवर दाखवावं लागलं तर?

ओळखपत्र लागणारी ठिकाणं आम्ही सहसा टाळतो. तसं ठिकाण असेल तर जाहीर करतानाच सांगतो, आणि शक्य असेल तिथे संयोजकाच्या ओळखपत्रावर गटाची नोंद करतो. तुमचं कार्ड संयोजकाशिवाय कुणी बघत नाही. कायमचा उपाय हवा असेल तर २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र मिळतं, राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज करता येतो, आणि त्यावरून बाकीची कागदपत्रं बदलता येतात. अर्ज भरायला आमच्यातले दोघं-तिघं मदत करतात.

मी हिजड्यांच्या डेऱ्यात राहते. साडीत आले तर गडावर लोक आशीर्वाद मागायला येतात, मला सुट्टी कुठे मिळणार?

हा प्रश्न एका ताईंनी विचारला आणि आमच्याकडे तयार उत्तर नव्हतं. त्यांनीच मार्ग काढला. चढताना त्या गटाच्या मधोमध चालतात. कुणी आलंच तर संयोजक 'आज ताई फिरायला आल्यात' असं सांगून पुढे होतो. कधी त्यांना स्वतःलाच आशीर्वाद द्यावासा वाटतो, तेव्हा आम्ही थांबतो. गुरूंची परवानगी, बधाईचे (लग्न-बारशाच्या घरी आशीर्वाद द्यायला जायचे) दिवस हे तुमचं तुम्ही बघा. तारीख जुळत नसेल तर कळवा, आम्ही रविवारऐवजी मधला वार घेतो.

कुणी अडवलं, पोलिसांनी विचारलं तर?

एकत्र फिरणं हा कधीच गुन्हा नव्हता. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध ३७७ कलमाच्या बाहेर काढले. ट्रान्स व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी जाण्यापासून अडवणं हा २०१९ च्या कायद्याने गुन्हा आहे, सहा महिने ते दोन वर्षं कैद. तरी प्रत्यक्षात बोलायचं काम संयोजकाचं. बाकीच्यांनी वाद घालायचा नाही, व्हिडिओ काढायचा नाही, कारण त्यात आपलीच माणसं दिसतात. फार झालं तर ११२.

हात धरून चालू का, असंही विचारलं जातं. हात धरणं गुन्हा नाही आणि आम्ही कुणालाही हात सोडायला सांगणार नाही. पण गडमंदिराच्या गर्दीत काय होऊ शकतं हे तुम्हीही जाणता. बहुतेक जोडपी मागच्या वाटेवर हात धरतात. मला याचं वाईट वाटतं, तरी आज तसंच आहे.

इथे कुणी भेटेल का? म्हणजे त्या अर्थाने.

भेटलेत. पण ट्रेक त्यासाठी नाही. नंबर एकदाच विचारायचा, 'नाही' म्हटलं की विषय संपला. दारू आणि नशा पूर्ण बंद. ओळखीचा फायदा घेऊन कुणी पुढे पैसे मागितले किंवा 'घरी सांगेन' अशी धमकी दिली, तर ती खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. मेसेज पुसू नका, पैसे देऊ नका, आम्हाला कळवा, तक्रारीला सोबत येतो. ऑनलाइन असेल तर १९३० हा सायबर गुन्ह्यांचा नंबर.

माझं वय १७ आहे.

१८ पूर्ण होईपर्यंत एकट्याने नाही, पालक सोबत आले तरच. एकटं वाटत असेल, रात्री झोप येत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. १८ पूर्ण झाली की आम्हाला लिहा.

जोडीदार, मैत्रीण, आईला आणू का?

हो, प्रत्येकी एक. फोटोंचे आणि प्रश्न न विचारण्याचे नियम त्यांनाही लागू. एकदा एक आई आली होती. चढताना मुलाशी बोलली नाही, उतरताना मात्र सगळ्यांना साबुदाणा वड्याची कृती सांगत होती.

मी एचआयव्हीसह जगतो. सांगावं लागेल का?

नाही. गोळ्यांची वेळ चुकू नये म्हणून जादा डोस खिशात ठेवा, बस. जखमेला हात लावताना आम्ही सगळ्यांसाठीच हातमोजे वापरतो.

खर्च किती?

गाडीचं भाडं, तिकिटं आणि नाश्ता भागिले माणसं. संयोजक पैसे घेत नाहीत. जमत नसेल तर 'या वेळी नाही' एवढंच लिहा. कोणी दिले, कोणी नाही, हे फक्त एका माणसाला ठाऊक असतं.

मी पत्रकार आहे / कॉलेजच्या प्रकल्पासाठी यायचं आहे.

ट्रेकवर नाही. ज्यांना बोलायचं आहे त्यांची गाठ शहरात, वेगळ्या दिवशी घालून देऊ.

दिवस छान जातो, पण परतताना गाडीत रडू येतं. असं फक्त मलाच होतं का?

नाही. ऑटोमोटिव्ह चौक जवळ आला की गाडी गप्प होते. कुणी कानातले काढतं, कुणी नेलपॉलिश खरवडतं, कुणी आवाज बदलून घरी फोन लावतं. म्हणून आम्ही चौकाच्या आधी वीस मिनिटं चहाला थांबतो. बदलायचं असेल त्याने तिथे निवांत बदलावं, बसायचं असेल त्याने बसावं. एकट्याने घरी जाववत नसेल तर सांगा, कुणीतरी मेट्रोत सोबत येतं. घरी पोचल्यावर 'पोचलो' किंवा 'पोचले' असा मेसेज टाका. सगळ्यांचे मेसेज येईपर्यंत एक संयोजक जागा असतो.